पाणंद कुणाची?

मामांनी नकाशा हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि कागद डोळ्यांजवळ नेला. सासवड, सोनोरी, वाघापूर, आंबळे, माळशिरस, भुलेश्वराचा पायथा आणि राजेवाडीकडून परत सासवड अशी मी आखलेली रेघ त्यांनी बोटानं एकदा सगळी चालवली. मग बोट मागं आलं आणि त्यांच्याच वस्तीमागच्या पाणंदीवर थांबलं.

"यंदा हितनं न्हाई जायचं."

एवढंच बोलून त्यांनी नकाशा माझ्या हातात दिला आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

मी पुण्याहून त्याच पाणंदीसाठी आलो होतो. मागच्या डिसेंबरात आम्ही काही सायकलवाल्यांनी मिळून पुरंदर तालुक्यात पहिल्यांदा एक राइड काढली. अंतर ७२ किलोमीटर, त्यातलं ३१ किलोमीटर कच्चं : मुरमाचे रस्ते, गाडीवाटा, दोन पाणंदी, एक ओढा. सायकलवाले अशा फेरीला ग्रॅव्हल राइड म्हणतात. शर्यत नव्हती, क्रमांक नव्हते, पैसे घेतले ते फक्त जेवणाचे. ६४ जण निघाले, ६४ जण परत पोचले आणि आम्ही फार खुशीत घरी गेलो. त्याआधी सहा-सात वर्षं मी ब्रेव्हे करत होतो. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत असे घड्याळाला बांधलेले लांब पल्ले, आणि ते जवळजवळ सगळे डांबरावरून, ट्रकच्या शेजारून. पाणंदीत शिरलो तेव्हा टायरखाली मुरूम भरडल्याचा, जात्यातून भरड पडताना येतो तसा आवाज येत होता आणि दुसरा कुठलाच नव्हता. त्या सकाळचं मला फार अप्रूप वाटलं होतं.

मामांनी ग्रामीण डाक सेवक म्हणून ३४ वर्षं याच वाटांनी टपाल वाटलं. बावीस इंची काळी सायकल, मागं कॅरियर, दांडीला पिशवी. आमच्या ६४ जणांनी मिळून जेवढा कच्चा रस्ता कापला असेल, तेवढा ते दर वर्षी दोनदा तरी एकटे कापत असणार. त्या संध्याकाळचं बोलणं आठवतं तसं लिहून काढतो आहे. सायकलवाल्यांनी ते वाचावं असं मला मनापासून वाटतं.

मामा : पाइपाचं सांगू का आधी?

मी : कुठला पाइप?

मामा : म्हंजे तुला म्हाईतच न्हाई. आरं, शेजारच्यांचा तुषार सिंचनाचा पाइप पाणंदीच्या आडवा पडला हुता. अलीकडं मोटर, पलीकडं कांदा. तुमच्यातल्या एकानं सायकल पुढं जाईना म्हणून पाइप उचलला आन जोड निसटला. त्यानं मागं वळून बघितलं न्हाई. दीड तास पाणी पाणंदीत. लाइट काय आपल्या मर्जीची हाय का? ठरल्या तासांची. ती गेली आन कांद्याची एक बाजू कोरडी ऱ्हायली. आन पाणंदीत झाला चिखल, तो चुकवायला मागनं येणारे तुमचेच लोक बांध सोडून हरभऱ्यात शिरले.

मी : मामा, हे मला कुणी सांगितलंच नाही.

मामा : कोण सांगणार? तुम्ही थांबलाव कुठं? माझा भाचा म्हणून शेजारी गप बसला. न्हाईतर तवाच सायकली अडवल्या असत्या.

मी काही वेळ बोललो नाही. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही एकमेकांना फोटो पाठवत होतो. त्यातल्या एका फोटोत चिखलानं भरलेली चाकं होती आणि आम्ही सगळ्यांनी त्याचं कौतुक केलं होतं. डिसेंबरात, पाऊस नसताना, तो चिखल आला कुठून हे ६४ जणांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नव्हतं.

मी : चूक झाली. त्यांच्याकडं मी आत्ता जाऊन येतो. यंदा अशा प्रत्येक ठिकाणी आमचा माणूस उभा करतो.

मामा : माणूस उभा करशील. पण मला आधी एक सांग, हितनंच कशापायी जायचंय? बाजूनं डांबरी सडक हाय. सपाट हाय. सायकल पळंल.

मी : डांबरीवर गाड्या आहेत. मागून डंपर आला की रस्ता सोडून उतरावं लागतं. आणि मामा, ही पाणंद सुंदर आहे. दोन्ही बाजूंना बाभळी, मधून ऊन. असे रस्ते आता संपत चाललेत. इटलीत टस्कनी म्हणून भाग आहे, तिथं पांढऱ्या खडीचे जुने रस्ते होते. त्यांच्यावर डांबर पडायला लागलं, तेव्हा जानकार्लो ब्रोच्ची नावाच्या एका गृहस्थानं १९९७ साली किआंतीतल्या गायोले गावातून ९२ जणांना सायकलींवर त्या रस्त्यांनी नेलं. लेरोइका म्हणतात त्या राइडला. हे रस्ते जपले पाहिजेत, एवढंच त्याचं म्हणणं. आता तिथं हजारो लोक येतात. रस्ते टिकले.

मामा : टिकले म्हंजे? कच्चेच ऱ्हायले?

मी : हो.

मामा : आन तुला ही पाणंद कच्चीच ऱ्हावी असं वाटतं?

मी : मनापासून विचाराल तर, हो.

मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

मामा : तुझ्या आज्जीला ह्या पाणंदीनं बाजेवर घालून नेलीय. श्रावण हुता. जीप डांबरीवर उभी, आत यायला तयार न्हाई. ही काळी माती तुला म्हाईत न्हाई पावसातली. पाय घातला की चप्पल ठेवून घेती. चार जण बाज धरायला आन दोघं कंदील घेऊन पुढं. हितनं डांबरी सव्वा किलोमीटर. आम्हाला दोन तास लागले. दवाखान्यात पोचली म्हातारी, पण उशिरा.

आईनं मला आजीच्या आजाराचं सांगितलं होतं. बाजेचं कधी सांगितलं नव्हतं.

मामा : ते जुनं झालं म्हणशील. आजचं सांगतो. आपल्याकडं वाटाणा निघतो पावसात. टेम्पो आत येत न्हाई. पोती डोक्यावरनं डांबरीला न्यायची, मग टेम्पो सासवडला, तवर बाजार उतरलेला असतो. पोरी शाळंत जाताना चप्पल हातात धरून जातात, डांबरीला हापशावर पाय धुतात आन मग घालतात. वीस वर्षं आम्ही अर्ज करतोय. आन तू म्हंतो, कच्ची ऱ्हावी. तुला वर्षातनं एक दिवस जायचंय.

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि आजही नाही. डिसेंबरातल्या एका सकाळी जो रस्ता मला सुंदर वाटला, तो आषाढ-श्रावणात त्यांना घरात कोंडून ठेवतो. रस्ता एकच. मी तो वर्षातल्या सगळ्यांत चांगल्या दिवशी पाहिला होता.

पण एक गोष्ट मला आठवली आणि ती मामांना सांगावीशी वाटली.

मी : मामा, चांगल्या रस्त्यांसाठी मोहीम काढली ती सायकलवाल्यांनीच. मोटारी यायच्या आधी. अमेरिकेत १८८० मध्ये सायकलस्वारांची एक मोठी संघटना निघाली. तिनं 'गुड रोड्स' नावाचं मासिकच १८९२ पासून चालवलं. शेतकऱ्यांना पटवायचे ते लोक, की रस्ता नीट झाला तर तुमचा माल बाजारात जाईल. इंग्लंडातही १८८६ मध्ये रस्ते सुधारा म्हणून सायकलवाल्यांनी संस्था काढली होती.

मामा : बघ की. मग तुम्ही उलटे कवा फिरला?

मी : त्या रस्त्यांवर मोटारी आल्या तेव्हा. आता सायकलला तिथं जागाच उरली नाही.

मामा : मग तुझं भांडण मोटारीशी हाय. त्याच्यापायी माझ्या पोरींनी चिखलातनं जायचं?

मी : नाही. ते मला पटलं. पण मलाही एक विचारायचंय. डांबर पडलं की पाठोपाठ काय येतं, ते तुम्ही बघताच आहात. पुण्याच्या बाजूच्या गावांत रस्ता झाला की सहा महिन्यांत प्लॉटिंगचे बोर्ड. मग डंपर, मग ढाबे. पाणंदीचा हमरस्ता झाला तर पोरींना चिखल लागणार नाही, पण डंपर लागेल.

मामा बराच वेळ अंगणाकडं बघत राहिले. त्यांना हे नवं नव्हतं, पण माझ्याकडून अपेक्षित नसावं.

मामा : खरंय ते. मलाबी डांबर पायजेच असं न्हाई. मला बारा महिने गाडी आली पायजे. त्याला काय लागतं? मधी उंच, दोन्ही अंगाला उतार. कडंला चर. चांगला मुरूम टाकून रोलरनं दाबलेला. आन ओढ्यावर नळ्या टाकून मोरी. एवढं झालं तर धा वर्षं बघायला नको. रस्ता पाण्यानं मरतो, चाकानं न्हाई मरत.

मी : असा दाबलेला मुरूम सायकलला डांबरापेक्षा चांगला.

मामा : मग तसं म्हण की आधी! कच्चा पायजे, कच्चा पायजे काय लावलंय?

इथं आमचं पहिल्यांदा जुळलं. शेतापर्यंतच्या पाणंदी बारमाही करण्यासाठी राज्य सरकारनं २०२१ मध्ये मातोश्रींच्या नावाची योजना काढली. तिच्यात ही पाणंद बसवण्यासाठी गावाचा ठराव झालेला आहे, प्रस्ताव अडकलेला आहे. मामांनी कपाटातून कागद काढून दाखवले. पोस्टातली सवय : प्रत्येक कागदावर तारीख, आवक-जावक.

मामा : तुम्ही लोक सगळं मोजता ना? किती चढ, किती उतार, कुठल्या किलोमीटरला काय?

मी : मोजतो. सायकलवर यंत्र असतं.

मामा : मग मोजा की. कुठं पाणी साचतं, कुठं खचलंय, ओढ्याची रुंदी किती. कागद करून दे मला. सही नको तुमची, पुण्याच्या माणसाच्या सहीनं आमचं काय व्हायचंय? मोजमाप दे.

मी : आणि उद्या गावानं डांबरच करायचं ठरवलं तर?

मामा : तर डांबर.

मी : तर आमची रेघ दुसरीकडून जाईल. तुमचा रस्ता कसा असावा हे आम्ही सांगणार नाही.

मामा : लिहून ठेव हे. तुझ्याबरोबरच्यांनाबी सांग.

मी वहीत लिहिलं. मग त्यांनी नकाशा परत मागितला आणि चष्मा पुन्हा कपाळावर चढवला. आता त्यांचं बोट भराभर फिरायला लागलं.

मामा : हे बघ, वाघापूरच्या पुढं हा तुकडा काढ.

मी : का? गाव नकाशात तो रस्ता आहे. दोन तुटक रेघांनी दाखवलेला, म्हणजे गाडीमार्ग.

मामा : नकाशात हाय, जमिनीवर भावकी हाय. दोन भाऊ. एकानं अडवलाय, दुसरा तहसीलदाराकडं गेलाय. बांधावरनं नवा रस्ता मागायचा तर महसूल कायद्याचं १४३ कलम, हाय तो रस्ता अडवला तर १९०६ चा मामलतदार कोर्टाचा कायदा. त्या नोटिसा मीच वाटल्यात, मला तोंडपाठ हायेत. आता तुझी ६४ माणसं तिथनं गेली तर एक भाऊ म्हणणार, बघा, वहिवाट हाय, पुण्याची माणसं जातात. आन दुसरा काठी घेऊन उभा ऱ्हाणार. तुला त्यातलं काय कळतं?

मी : काहीच नाही.

मामा : म्हणून म्हंतो, रेघ मारायच्या आधी गावात इचार. नकाशात वाट दिसते. वाद दिसत न्हाई.

हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक आयोजकाला ऐकवतो. आम्ही सायकलवाले घरबसल्या उपग्रहाच्या चित्रावर वाट शोधतो, ती सायकलच्या यंत्रात भरतो, आणि यंत्र 'वळा' म्हणालं की वळतो. पोलीस ठाण्याला पत्र दिलं, ग्रामपंचायतीला कळवलं, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका किती वेळात पोचेल ते विचारून ठेवलं की परवानग्यांचं काम झालं असं आम्हाला वाटतं. ती पत्रं लागतातच. पण ज्याच्या बांधाला लागून टायर जाणार आहे, त्याच्याशी पाच मिनिटं बोलणं कुठल्याच यादीत नसतं.

मामा : आन ते वर उडणारं यंत्र यंदा न्हाई आणायचं.

मी : ड्रोन? मामा, तो फक्त व्हिडिओसाठी होता. दहा मिनिटं उडवला.

मामा : विमानतळासाठी सात गावांची नावं निघालीत. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोननं मोजणी सुरू झाली तवा माणसं, बाया, सगळी रस्त्यावर आली हुती. ज्याची जमीन जाणार हाय त्याच्या डोक्यावर तू व्हिडिओ काढणार? त्याला काय म्हाईत तू कोण? हेल्मेटवर कॅमेरा, सायकलवर यंत्र, अंगात रंगीत कपडे. मोजणीवालाच वाटणार.

मी : मग रस्त्याचं मोजमाप तरी कसं करू? तुम्हीच आत्ता मागितलंत.

मामा : माझ्याबरोबर चालत. आधी एक दिवस ये. मी संग असलो की कुणी इचारत न्हाई.

ठरलं. ड्रोन नाही. त्या सात गावांच्या शिवारातली वाट यंदा नाही. मला वाईट वाटलं, कारण खानवडी हे जोतीराव फुल्यांच्या घराण्याशी जोडलेलं गाव आणि तिथं थांबून लोकांना ते सांगायचं माझ्या मनात होतं. पण माणसं जमिनीच्या धास्तीत असताना त्यांच्या गावातून हौसेची मिरवणूक न्यायची नाही, एवढं मला पटलं.

एवढ्यात मामी येऊन उंबऱ्याशी बसल्या. इतका वेळ त्या आतून ऐकत होत्या.

मामी : पहिला कोण आला हुता रे मागच्या टायमाला?

मी : क्रमांक नव्हते मामी. शर्यत नव्हती.

मामी : शर्यत नव्हती, मग जेवण पहिल्यांदा आलेल्यांनी कसं संपवलं? शेवटची बाई आली साडेतीनला. साधी सायकल तिची, गेर न्हाईत काय न्हाई. तिच्या मागनं आणिक धा जण. गार खिचडी ऱ्हायली हुती पातेल्याच्या बुडाला. मी बघितलंय, मी तिला आपल्या घरनं भाकरी दिली.

मी : जेवणवाल्याला आम्ही एक वाजेपर्यंतच सांगितलं होतं.

मामी : का? तुम्ही एकला पोचता म्हणून?

मामी बोलल्या ते अगदी खरं होतं. आम्ही सगळं नियोजन आमच्या वेगानं केलं होतं. पाण्याची ठिकाणं २५ किलोमीटरवर, कारण आम्हाला तेवढं झेपतं. जी बाई दहाच्या वेगानं चालवते तिला ते अडीच तास पडतात, उन्हात. टायरचं तेच. आम्ही सूचना लिहिली होती, 'टायर ३८ मिलिमीटरच्या वर, ट्यूबलेस असल्यास उत्तम'. बाभळीचा काटा ट्यूबलेसमध्ये घुसला तर आतलं सीलंट भोक बुजवतं, माणूस पुढं जातो. साध्या ट्यूबवाल्याचं तसं नसतं. त्या बाईची सायकल तीनदा पंक्चर झाली होती आणि तिसऱ्या वेळी तिच्याजवळ ट्यूब उरली नव्हती. आमची मागची गाडी डांबरीवर उभी होती, पाणंदीत येऊ शकत नव्हती. जीप आजीसाठी आत आली नव्हती तशीच.

मामी : आन बायकांच्या जाण्यायेण्याची सोय? सत्तर किलोमीटरमधी?

मी : एका मंगल कार्यालयाशी बोललो होतो.

मामी : एका. मागच्या टायमाला चार पोरी आपल्या दारात आल्या इचारत. मी म्हणलं या की. पण सांगून ठेवलं असतं तर वस्तीवरच्या पाच घरांनी हंडा भरून ठेवला असता.

जेवणाचंही मामींनीच लावून दिलं. पुण्याहून जेवण आणायचं नाही. बचत गटाच्या बायका भाकरी, पिठलं, मटकीची उसळ आणि ठेचा करतील. ताटाचे पैसे आधी द्यायचे, निम्मे नाहीत, सगळे. वाटेत गूळ-शेंगदाणे आणि ताक. भाकरी चुलीवर होत राहतील आणि शेवटचा माणूस येईपर्यंत चूल चालू राहील. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये डीरफिल्डहून एक मोठी कच्च्या रस्त्यांची राइड निघते, तिचे पैसे तिथल्या शेतजमिनी राखणाऱ्या संस्थेला जातात, असं मी मामांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, आधी ताटाचे वेळेवर दे.

मग मी मघापासून मनात असलेलं विचारलं.

मी : मामा, पाइपासारखं यंदाही काही होईल. कितीही माणसं उभी केली तरी होईल. ते आम्हाला कळावं कसं?

मामा : पालखीत कसं कळतं?

मी : म्हणजे?

मामा : माउलींची पालखी दिवे घाट चढून सासवडला येती, तुला म्हाईतच हाय. संध्याकाळी तळावर समाज आरती. सगळ्या दिंड्या गोल उभ्या, टाळ-मृदंग चालू. चोपदार दंड वर करतो आन सगळं एकदम शांत. लाखाचा समाज, पण पान पडलं तर ऐकू येतं. आन ज्या दिंडीची तक्रार असंल, ती दिंडी तेवढी टाळ वाजवत ऱ्हाती. थांबतच न्हाई. मग चोपदार तिच्याकडं जाणार, काय झालं इचारणार, निवाडा करणार. मग हरवलं-सापडलं सांगणार. मग आरती. तक्रार ऐकल्याबिगर आरती न्हाई.

मी ती समाज आरती दोनदा पाहिली आहे. टाळ वाजत राहण्याचा अर्थ मला माहीत होता. पण ती आयोजनाची रीत आहे, माझ्या कामाची आहे, हे मला कधी सुचलं नव्हतं. इतकी माणसं इतके दिवस पायी चालतात आणि दर मुक्कामी रुसलेल्याचं आधी ऐकून घेतलं जातं, हे घरातलं शहाणपण सोडून मी राइड कशी चालवायची ते परदेशी व्हिडिओंत शोधत होतो.

म्हणून यंदा जेवणाआधी सगळे सायकलवाले बसतील आणि पहिल्यांदा गावातली माणसं बोलतील. काय तुटलं, कोण कुठून घुसलं, कुणाचं जनावर बुजलं. नुकसान असेल ते तिथल्या तिथं भरून द्यायचं, त्यासाठी जमलेल्या पैशातले काही वेगळे ठेवले आहेत. ते झालं की पानं वाढायची. फोटो, टाळ्या वगैरे नंतर.

बाकी गोष्टी मामांनी पटापट उरकल्या. एका वेळी दहा जण, दोन तुकड्यांत पाच मिनिटं अंतर, कारण त्याहून जास्त माणसं एकदम आली की पाणंद अडते. वळणांवर खुणा ऑइलपेंटनं नाहीत, फक्कीनं, कबड्डीचं मैदान आखतात तशा, चार दिवसांत वाऱ्यानं जातील. सोमवती अमावास्या टाळायची, जेजुरीची सगळी वाहनं त्या दिवशी रस्त्यावर असतात. झापा जसा दिसला तसा ठेवायचा : बंद असेल तर बंद, उघडा असेल तर उघडा. आडवा पाइप दिसला तर उतरायचं आणि सायकल खांद्यावर घेऊन ओलांडायचं.

शेजाऱ्यांकडं जाऊन आलो. त्यांनी पाण्याचे पैसे घेतले नाहीत. यंदा त्या ठिकाणी त्यांचा मुलगा उभा राहणार आहे.

परत येईपर्यंत दिवस मावळतीला आला होता. अंगणात माझी सायकल उभी होती. मामा तिच्याभोवती एकदा फिरले, टायर अंगठ्यानं दाबून पाहिलं.

मामा : हवा कमी हाय.

मी : मुद्दाम. खडीवर कमी हवेचं टायर जमीन धरतं, हाताला हादरे बसत नाहीत.

त्यांनी धोतर आवरलं, टांग टाकली आणि पाणंदीत शिरले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ ताठ आणि पायाला घाई नाही. पुढच्या वळणावरून बांधापलीकडून कुणाच्या तरी डोक्यावर कडब्याच्या पेंढ्या येत होत्या. पेंढ्या तेवढ्या दिसत होत्या, माणूस दिसत नव्हता. मामांचा उजवा अंगठा हँडलवर काहीतरी शोधत होता. ते मला इथूनही कळलं. मग त्यांनी ब्रेक दाबला, पाय टेकवला आणि तोंडानं हाक दिली. पेंढ्या थांबल्या. एक म्हातारी बाई बाजूला झाली. मामा उतरले आणि सायकल हातात धरून चालत परत आले.

मामा : गाडी झ्याक हाय. ब्रेक तर बोटभर दाबला की जागच्या जागी. पण घंटी कुठाय?

मी : या सायकलींना घंटी येत नाही मामा.

मामा : फुफाट्यात ह्या चाकाचा आवाज हुत न्हाई. डोक्यावर कडबा असला की कानाशी नुसती सळसळ, मागनं कोण आलं कळत न्हाई बाईला. एकदम अंगाला घासून गेलं की भारा खाली आन ती बी. मी ३४ वर्षं प्रत्येक वळणाआधी दोनदा घंटी दिली. मागून न इचारता कवा कुणाच्या अंगावर गेलो न्हाई.

मग मामांनी नकाशा मागून घेतला आणि त्यांच्या वस्तीमागच्या पाणंदीवर, मघाशी बोट थांबलं होतं तिथं, पेनानं बरोबरची खूण केली.

यंदाची राइड डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी सकाळी सहाला सासवडहून निघेल. ६० जणांना जागा आहे, सायकल कुठलीही चालेल, बिनगिअरचीसुद्धा, आणि शेवटच्या माणसाबरोबर आमच्यातले दोघं कायम असतील. घंटी नसलेली सायकल मात्र निघणार नाही. सासवडच्या कुठल्याही सायकलच्या दुकानात साधी घंटी मिळते, बसवायला पाच मिनिटं लागतात. ती बसवून या, आणि वळण आलं की दोनदा वाजवा.